असईचा शिपाई आणि त्याच्या हातातली तलवार

वॉरगेमिंग म्हणजे काय हे माहीत नसेल तर दिवाळीचा किल्ला आठवा. तसेच छोटे सैनिक टेबलावर मांडायचे, पण इथे फासे, मोजपट्टी आणि नियमांचं जाडजूड पुस्तकही असतं. कुणाच्या हातात काय आहे यावर तो किती इंचांवरून मारा करणार हे ठरतं. म्हणजे शस्त्र ही नुसती सजावट नव्हे.

आता थोडं गणित (सवय!). २८ मिलिमीटरचा सैनिक म्हणजे माणसाचा साधारण साठावा भाग. दोन सेंटिमीटर रुंदीची संगीन या मापात जेमतेम ०.३ मिलिमीटर होते. इतकी बारीक ओतली तर हात लागताच वाकेल. म्हणून संगिनी, भाले जाडच करतात. ते माफ! पण शस्त्रच चुकीचं दिलं तर?

असईचंच बघा. २३ सप्टेंबर १८०३, आजचा जालना जिल्हा. एकीकडे आर्थर वेलस्ली (हाच पुढे वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन), दुसरीकडे शिंदे आणि नागपूरकर भोसले. 'मराठे' म्हटलं की डोक्याला पागोटं, हातात ढाल-तलवार हा एकच साचा डोळ्यांपुढे येतो. काही सैनिकांसाठी तो ठीकही आहे. पण शिंद्यांच्या कंपूंचं काय? महादजींनी १७८४ मध्ये डी बॉयनला नोकरीत घेतलं आणि कवायती पलटणी उभ्या राहिल्या. असईत त्या पोहलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली लढल्या. त्यांच्याकडे चकमकीच्या बंदुका होत्या, संगिनी होत्या आणि आग्र्याच्या कारखान्यात तोफाही ओतल्या जात. या लढाईत वेलस्लीची दीड हजारांहून जास्त माणसं मारली गेली किंवा जखमी झाली.

या शिपायाच्या हातात तलवार दिली की निकालाचं कारणच बदलतं. 'जुनी शस्त्रं होती, म्हणून हरलो' असं सोपं उत्तर मिळतं आणि पुढचे प्रश्न बंद होतात. युद्ध सुरू होताच शिंद्यांचे अनेक ब्रिटिश अधिकारी नोकरी सोडून गेले, मराठ्यांचं प्रचंड घोडदळ लढाईत फारसं उतरलंच नाही... खरी चर्चा इथे आहे.

तेव्हा असई मांडणार असाल तर स्वारांना भाले-तलवारी खुशाल द्या. कंपूतल्या शिपायाला मात्र बंदूक द्या आणि तोफा मोजताना हात आखडता घेऊ नका. मग फासे टाका. वेलस्लीच्या बाजूने खेळणाऱ्याला जरा घाम फुटू दे की!