दाताच्या खुर्चीत भोवळ आली तर…

बुलढाणा जिल्ह्यात कुठलंही गाव सांगताना ते घाटावरचं की घाटाखालचं, हे आधी विचारलं जातं. चिखली, मेहकर, लोणार वर. खामगाव, शेगाव, मलकापूर, जळगाव जामोद खाली. वर असो की खाली, दाढ काढायला खुर्चीत बसलेल्या माणसाला एकाएकी दरदरून घाम फुटला आणि त्याचे डोळे फिरले, तर पहिली काही मिनिटं सगळा भार दंतवैद्यावरच असतो. त्या मिनिटांत काय करायचं, हे शिकवण्याचा इतिहास मात्र फार जुना नाही.

मुळात दंतवैद्यकाचं शिक्षणच आपल्याकडे उशिरा आलं. देशातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कोलकात्यात काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३चं. १९४८ सालच्या दंतवैद्य कायद्याने नोंदणीचे दोन भाग केले. ‘अ’ भागात पदवीधर; ‘ब’ भागात पदवी नसलेले, पण किमान पाच वर्षं याच धंद्यावर पोट भरणारे. वडिलांच्या किंवा उस्तादाच्या हाताखाली शिकलेले कितीतरी जण असे कायद्याच्या चौकटीत आले. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय तर १९६८ साली उघडलं. तोवर वऱ्हाडातल्या मुलाला दंतवैद्य व्हायचं तर मुंबई नाहीतर परप्रांत गाठावा लागे.

आणीबाणीचा धडा खरा आणला तो सुईने.

गुंगी देऊन दात काढण्याचा मार्ग होरेस वेल्स या अमेरिकी दंतवैद्याने १८४४ साली स्वतःचीच दाढ काढून घेऊन दाखवला होता. १८८४ साली कोकेनने जागा बधिर करता येते हे कळलं, १९०५च्या सुमारास प्रोकेन आलं आणि १९४३ साली स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केलं. आज आपल्याकडे दाढेसाठी बहुतेक ठिकाणी हेच औषध टोचतात, अनेकदा १:८०,००० प्रमाणात अ‍ॅड्रेनलिन मिसळून. कळ थांबली, पण जोखमीही आल्या. सुई रक्तवाहिनीत गेली, मात्रा जास्त झाली किंवा औषधाची अ‍ॅलर्जी निघाली, तर प्रसंग बाका.

अर्थात सगळ्यात जास्त वेळा घडते ती साधी भोवळ, आणि तिचं कारण औषधापेक्षा भीती. खुर्ची आडवी करायची, पाय वर घ्यायचे. बहुतेक रुग्ण थोड्याच वेळात शुद्धीवर येतात. गरोदर बाईला मात्र डाव्या कुशीवर वळवायचं. स्टॅन्ली मॅलमेड यांनी १९७८ साली दंतवैद्यांसाठी या विषयावर स्वतंत्र पाठ्यपुस्तकच लिहिलं. छाती दाबून हृदय चालू ठेवण्याची आजची रीत त्याच्या थोडी आधीची. महाराष्ट्र राज्य झालं त्याच १९६० साली जॉन्स हॉपकिन्सच्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी ती जगासमोर मांडली.

भारतीय दंत परिषदेच्या २००७च्या बीडीएस नियमावलीत या साऱ्याला ठरलेली जागा आहे. तिसऱ्या वर्षी सामान्य वैद्यक आणि शल्यचिकित्सा, मुखशल्यचिकित्सेत तातडीची औषधं आणि शिरेतली-स्नायूतली इंजेक्शनं, आणि इंटर्नशिपमध्ये १५ दिवस रुग्णालयाच्या आपत्कालीन सेवेत. तिथे हाताळायच्या प्रसंगांत भोवळ आहे, दाढ काढल्यावर न थांबणारं रक्त आहे, जबडा मोडल्याने कोंडलेला श्वास आहे आणि हनुवटीखाली सूज चढवणारी लुडविग्ज अँजायनाही.

मात्र ‘इमर्जन्सी ट्रे’मध्ये काय काय ठेवाल, या तोंडी परीक्षेतल्या प्रश्नाचं उत्तर घडाघडा म्हणता येणं वेगळं आणि अंग सुजून श्वास लागलेल्या माणसाच्या मांडीत अ‍ॅड्रेनलिन टोचणं वेगळं. तिथे हात थरथरतो. म्हणून पुतळ्यावर सराव करून घेतात: छाती पाच सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा. भारतीय भूलतज्ज्ञांनी सामान्य माणसासाठी तयार केलेल्या ‘कोल्स’ पद्धतीत तर फक्त छाती दाबणं आहे, तोंडाने श्वास देणं नाही.

या शिक्षणाचा मोठा भाग प्रसंग येण्याआधीचा आहे. जेवून आलात का, साखरेची गोळी घेतली का, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, मागे सुई घेतल्यावर त्रास झाला होता का. उपाशीपोटी इन्सुलिन घेऊन आलेल्या मधुमेही रुग्णाची साखर खुर्चीतच उतरू शकते. तो शुद्धीत असेल तर साखरेचं पाणी लगेच द्यायचं, बेशुद्ध असेल तर तोंडाने काहीही नाही.

राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. बुलढाण्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४मध्ये १०० जागांनी उघडलं. तरी सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर किंवा जळगाव जामोदहून बुलढाणा गाठायचं म्हणजे घाट चढून जाणं आलंच. त्यामुळे गाडी येईपर्यंतचं काम दवाखान्यातच करावं लागतं: एकाने १०८ला फोन लावायचा, दुसऱ्याने प्राणवायू जोडायचा आणि कोणतं औषध, किती, किती वाजता दिलं हे कागदावर लिहून गाडीतल्या डॉक्टरच्या हाती द्यायचं.