कांच निवते तेव्हां

ज्या घरांत कंदिलाच्या उजेडांत अभ्यास झाले, त्या घरांतील मंडळींना एक प्रसंग खचित आठवत असेल. कंदील शांतपणें जळत आहे, वारा नाहीं, पाण्याचा थेंब उडालेला नाहीं, कोणाचा धक्काहि लागलेला नाहीं. आणि एकाएकीं टच् असा आवाज होऊन कांचेला वरपासून खालपर्यंत तडा जातो. वडील माणसें मुलांकडे संशयानें पाहतात, मुलें शपथा घेतात, आणि शेवटीं 'कांचच कच्ची होती' असा निकाल होऊन प्रकरण मिटतें. निकाल देणारांस ठाऊक नसे, पण तो पुष्कळ अंशीं शास्त्रशुद्ध असे. तळेगांव दाभाडे येथें १९०८ सालीं पैसा फंडाचा कांच-कारखाना निघाला, १९१६ सालीं ओगलेवाडीचा निघाला, आणि पुढें तेथला 'प्रभाकर' कंदील घरोघर गेला. कांच पक्की होते ती जाळांत नव्हे, तर जाळांतून निघून निवतांना, हा धडा अशा कारखान्यांतील कारागिरांस आरंभींच गिरवावा लागला असला पाहिजे.

कांच अशी बेतानें, सावकाश निववण्याच्या क्रियेला शास्त्रीय परिभाषेंत अनुशीतन म्हणतात. तिचा समग्र इतिहास सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांतील एका लहानशा कोपऱ्याकडे, म्हणजे दिव्याच्या ज्योतीवर घडविलेल्या चिमुकल्या शिल्पांकडे, वाचकांचें लक्ष वेधावें एवढाच उद्देश आहे. या कामांत मोठी भट्टी नसते. मेजावर दिवा, पायाखालीं भाता, हातांत कांचेची कांडी व चिमटा, एवढ्या सामुग्रीवर कारागीर हरिण, पक्षी, फूल किंवा मनुष्याकृति घडवितो. पाहणारा ज्योतीकडे पाहून थक्क होतो. परंतु वस्तु टिकणार कीं नाहीं हें ज्योतीबाहेरच्या थोड्या वेळांत ठरतें, आणि त्या वेळाकडे कोणीहि पाहत नाहीं. या कलेचा इतिहास खरोखर त्या दुर्लक्षित वेळाचा इतिहास आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम कारण पाहूं. तापलेली कांच पाण्यासारखी एका ठराविक अंशावर गोठत नाहीं. ती हळूहळू घट्ट होत जाते. वस्तु ज्योतीबाहेर काढली कीं तिची बाहेरची त्वचा आधीं निवते व ताठर होते; पोट मात्र अजून ऊन व मऊ असतें. पुढें पोट निवून आकसूं लागतें, पण त्वचा आतां हटण्यास तयार नसते. पोट त्वचेला आंत ओढतें, त्वचा पोटाला बाहेर ताणून धरते, आणि वस्तु पूर्ण थंड झाल्यावरहि ही ओढाताण तिच्यांत कोंडून राहते. डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं. मग एखाद्या दिवशीं लहानसा ओरखडा त्या ताणाला वाट करून देतो. यावर उपाय एकच. साध्या सोड्याच्या कांचेची वस्तु सुमारे ५०० ते ५५० अंश सेंटिग्रेडच्या उष्णतेंत सर्वांगीं सारखी ठेवली, तर कांचेचे कण आंतल्या आंत किंचित् सरकतात व ताण विरतो. त्यानंतर पोट आणि त्वचा जोडीनें निवतील इतक्या सावकाशीनें तिला खालीं आणावयाचें.

ही युक्ति फार जुनी आहे. थिओफिलस या नांवानें लिहिणाऱ्या बाराव्या शतकांतील ख्रिस्ती साधूनें आपल्या शिल्पविषयक ग्रंथांत कांच वितळविण्याच्या भट्टीशेजारीं ती निवविण्याची निराळी भट्टी सांगितली आहे. १५५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आग्रिकोलाच्या धातुविद्येवरील ग्रंथाच्या शेवटच्या भागांतहि कांचेच्या भट्ट्यांचें वर्णन असून, तयार भांडीं हळूहळू निवविण्याची व्यवस्था त्यांत आली आहे. म्हणजे कारण कळण्यापूर्वीं कित्येक शतकें कृति पक्की झाली होती. अनुभवानें जें शिकविलें तें शास्त्रानें पुढें नुसतें समजावून दिलें.

परंतु दिव्यावर काम करणाराजवळ ही दुसरी भट्टी नव्हती. फ्रान्स देशांतील नव्हेर हें गांव सतराव्या व अठराव्या शतकांत अशा लहान कांचशिल्पांकरितां प्रसिद्ध होतें. पुढें तेरावा लुई म्हणून गादीवर बसलेला राजपुत्र चार वर्षांचाहि नव्हता किंवा नुकताच झाला होता, त्या १६०५ सालीं त्याच्या खेळण्यांत नव्हेरचीं कांचेचीं कुत्रीं व इतर प्राणी होते, अशी नोंद त्याचा वैद्य एरोआर याच्या रोजनिशींत आहे. राजपुत्राच्या हातांतील तें कुत्रें किती दिवस टिकलें असेल, याची कल्पना ज्यांच्या घरीं मुलें आहेत त्यांनीं करावी. पण मूल तें पाडीपर्यंत तें आपण होऊन फुटलें नाहीं, हीच कारागिराची करामत.

ती त्याला कशी साधली? एक तर आकार लहान व अंग बारीक. पातळ कांचेंत त्वचा आणि पोट यांत अंतरच थोडें. त्यामुळें त्यांचें भांडणहि थोडें. पुष्कळ आकृति तांब्याच्या किंवा लोखंडाच्या तारेवर कांच गुंडाळून केलेल्या असत, त्यामुळें थोडी कांच पुरे. खरी भीति असे ती जाड व बारीक यांच्या सांध्याची. हरणाचें पोट जाड, पाय काडीसारखे. पाय आधीं निवतात, पोट मागून निवतें, आणि तडा जावयाचा तो मांडीच्या मुळाशीं. म्हणून ज्योतीवर काम करणारांची जुनी रीत अशी कीं, आकृति पुरी झाल्यावरहि तिला लगेच सोडूं नये. भात्याचा वारा कमी करून ज्योत मऊ व धुरकट करावी, तींत सर्व आकृति फिरवीत फिरवीत सारखी तापवावी, आणि मग ज्योतीच्या टोकाकडे हळूहळू मागें घ्यावी. कांच निवत चालली म्हणजे तिच्यावर काजळी धरूं लागते. ती काजळी हेंच कारागिराचें उष्णतामापक. नंतर ती वस्तु ऊन राखेंत किंवा वाळूंत पुरून ठेवावी. बाळंतिणीला वाऱ्यापासून जपावें तसाच हा प्रकार आहे.

याच्या नेमकें उलट केलें तर काय होतें, याचा तमाशा सतराव्या शतकांतील विद्वानांनीं मोठ्या हौसेनें पाहिला. वितळलेल्या कांचेचा थेंब पाण्यांत टाकला कीं शेपटी असलेला एक मोती तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडा मारला तरी तो सहसा फुटत नाहीं, पण शेपटीचें टोंक मोडलें कीं सबंध मोत्याची क्षणांत भुकटी होते. राजपुत्र रूपर्ट यानें असे थेंब इंग्लंडांत आणले. दुसऱ्या चार्ल्स राजानें ते १६६१ सालीं रॉयल सोसायटीच्या सभासदांपुढें ठेविले. रॉबर्ट हूक यानें १६६५ सालच्या आपल्या 'मायक्रोग्राफिया' ग्रंथांत त्यांची चर्चा केली, आणि थेंब हळूहळू तापवून हळूहळू निवविला तर त्याचा हा स्वभाव जातो, हेंहि नमूद केलें. भट्टीवरच्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या कामगाराची नित्याची कृति विद्वत्सभेंत अशा रीतीनें प्रथम प्रतिष्ठा पावली. तडा शेपटीकडून डोक्याकडे सेकंदाला सुमारे दीड ते दोन किलोमीटर वेगानें धांवतो, हें मात्र १९९४ सालीं चंद्रशेखर व चौधरी या संशोधकांनीं अतिवेगवान् छायाचित्रें घेऊन दाखविलें.

या कलेचें शिखर पाहावयाचें तर ब्लाश्का पितापुत्रांकडे गेलें पाहिजे. लिओपोल्ड ब्लाश्का १८२२ सालीं बोहेमियांत कांचकाम करणाऱ्या घराण्यांत जन्मला. दागिन्यांतील नकली खडे व माणसांचे कृत्रिम डोळे करणें हा त्याचा धंदा. पत्नी वारली, त्यानंतर १८५३ सालीं तो अमेरिकेच्या प्रवासास निघाला असतां वारा पडून जहाज अझोर्स बेटांजवळ खोळंबलें. त्या रिकाम्या दिवसांत समुद्रांतील पारदर्शक, फुग्यासारखे प्राणी त्यानें न्याहाळले व चितारले. पुढें तो ड्रेस्डेन येथें राहूं लागला, आणि तेथील पदार्थसंग्रहालयाकरितां १८६३ सालीं त्यानें समुद्रपुष्पांचे नमुने केले. प्राणी मद्यार्कांत ठेवले कीं त्यांचा रंग व आकार नासतो; कांचेंत तो राहतो. यामुळें युरोप-अमेरिकेंतील संग्रहालयांतून त्याच्या कामाला मागणी आली. त्यापूर्वीं केलेलीं त्याचीं ऑर्किडचीं फुलें मात्र बेल्जममधील लिएज येथें १८६८ सालच्या आगींत गेलीं. आगींतून जन्मलेली वस्तु आगींतच नष्ट व्हावी, हा दैवाचा खेळ म्हणावयाचा.

हार्वर्ड विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गुडेल हे १८८६ सालीं ड्रेस्डेनला गेले व त्यांनीं नमुन्यादाखल कांहीं फुलें करून घेतलीं. तीं न्यूयॉर्कच्या जकातघरांत पोंचतांना बरींचशीं मोडलीं, पण तुकडे पाहूनच अमेरिकेंतील मंडळी मोहून गेली. एलिझाबेथ वेअर व तिची कन्या मेरी ली वेअर यांनीं द्रव्य पुरविलें, आणि १८८७ पासून १९३६ पर्यंत प्रथम पितापुत्र व १८९५ सालीं लिओपोल्ड निवर्तल्यावर एकटा रूडोल्फ हें काम करीत राहिले. चार हजार तीनशेंहून अधिक नमुने तयार झाले. वनस्पतींच्या सुमारे ७८० जाती त्यांत आहेत.

लोकांस वाटे, यांच्याजवळ कांहीं गुप्त यंत्र असलें पाहिजे. लिओपोल्डनें तसें कांहीं नसल्याचें कळविलें, आणि कांचेवर प्रेम करणारा पणजोबा असावा, तें प्रेम पिढ्यानुपिढ्या उतरत यावें, हाच काय तो उपाय, अशा अर्थाचें उत्तर दिलें. हें उत्तर विनयाचें आहे, पण अपुरें आहे. त्यांच्या फुलांची रचना पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते. एका पाकळीला एक पातळ तुकडा. देठाच्या पोटीं तार. कोठें ज्योतीनें जुळविलेलें, तर कोठें सरसानें चिकटविलेलें. सबंध झाड एकाच वेळीं तापवून निवविण्याचा प्रसंगच त्यांनीं येऊं दिला नाहीं. नव्हेरच्या कारागिरांचीच ही युक्ति. तिला त्यांनीं पूर्णत्वास नेलें. लहान घडवा आणि जोडा, म्हणजे ताण साठण्यास जागाच मिळत नाहीं.

जाड शिल्पाला मात्र ही पळवाट नाहीं. तेथें शास्त्रानें हात दिला. डेव्हिड ब्रूस्टर यानें १८१५-१६ च्या सुमारास दाखविलें कीं, ताणलेली कांच ध्रुवित प्रकाशांत पाहिली तर तिच्यांत रंगीत पट्टे उमटतात. जो ताण इतकीं शतकें फुटल्यावरच कळत असे, तो आतां फुटण्यापूर्वीं दिसूं लागला. पहिल्या महायुद्धांत दुर्बिणींच्या कांचेची टंचाई झाल्यावर वॉशिंग्टन येथील अॅडम्स व विल्यम्सन यांनीं या विषयाचा कसून अभ्यास केला व १९२० सालीं निवविण्याचें गणितच मांडलें. त्याचें सार असें: जाडी दुप्पट झाली तर निवविण्याचा वेग सुमारें चौथाईवर आणला पाहिजे. चिमणीएवढ्या शिल्पाला कांहीं तास पुरतात. पालोमार येथील दुर्बिणीसाठीं २ डिसेंबर १९३४ रोजीं कॉर्निंग येथें ओतलेल्या २०० इंची आरशाला दहा महिने लागले. मध्यंतरीं पूर येऊन वीज बंद पडली तेव्हां कारखान्यांतील मंडळींच्या पोटांत गोळा उठला असेल!

आज दिव्यावर काम करणाऱ्या कलावंताच्या मेजाशेजारीं विजेची लहान भट्टी असते. शिल्प पुरें होतांच तें तींत जातें आणि रात्रभर ठरल्या वेगानें निवतें. यामुळें त्याला जाड अंगाचीं, धाडसी शिल्पें करतां येतात. तथापि एक दोष भट्टीच्याहि हातचा नाहीं. दोन निराळ्या जातींच्या कांचा, ज्यांचें तापून फुगणें व निवून आकसणें सारखें नाहीं, एकत्र वितळविल्या तर त्यांच्यांतील तंटा कितीहि सावकाश निवविलें तरी मिटत नाहीं. बोरोसिलिकेट कांच साध्या कांचेच्या सुमारें तिसऱ्या हिश्शानेंच प्रसरण पावते. या दोहोंचा सांधा टिकत नाहीं. उष्णतेच्या उतावळेपणाचा दोष धीरानें निघतो, स्वभावाच्या विरोधाचा निघत नाहीं.

संग्रहालयांतील पाटीवर कलावंताचें नांव असतें, सालहि असतें; ती वस्तु किती वेळ निवविली हें कोठेंच लिहिलेलें नसतें. ज्या कांचा आपण होऊन फुटल्या त्या केव्हांच उकिरड्यावर गेल्या. कपाटांत उरल्या त्या जपून निववलेल्या, किंवा ताण साठणारच नाहीं अशा बेतानें घडविलेल्या. ब्लाश्कांचें फूल पाहतांना वाचकांनीं त्या हातांचें कौतुक अवश्य करावें. पण काम संपल्यासारखें दिसत असतांहि ज्या हातांनीं घाई केली नाहीं, तेच ते हात, हें विसरूं नये.