विंचूदंशाच्या नोंदी : बिरवाडी ते महाड

विंचूदंशावर संशोधन करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव निघालं की पाठोपाठ प्राझोसिन या गोळीचं नाव येतंच. त्यांचे शोधनिबंध सालवार लावून वाचले की मला मात्र खरा टप्पा त्या गोळीच्या आधीचा वाटतो.

1976 मध्ये ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जिल्हा तेव्हा कुलाबा होता. रायगड हे नाव 1981 मध्ये आलं. लाल विंचवाच्या दंशानं माणसं, विशेषतः लहान मुलं, दगावणं इथं नवं नव्हतं, आणि विंचू उतरवणारेही होते. वैद्यकाला याचा पत्ताच नव्हता, असं मात्र म्हणता येत नाही. मुंडले यांनी विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरण्याबद्दल 1961 मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं. हाती नव्हता तो उपाय, आणि कोणता रुग्ण बिघडणार हे वेळेत सांगणारी खूण.

1977 मध्ये इंडियन हार्ट जर्नलमध्ये बावस्करांचा पहिला लेख आला. विषय होता विंचूदंश आणि हृदयावरचे परिणाम. 1982 चा लॅन्सेटमधला लेख एक पाऊल पुढचा आहे. हृदय अडचणीत येण्याआधी दिसणाऱ्या लक्षणांवरच त्याचा भर आहे : उलट्या, दरदरून घाम, लाळ सुटणं, मुलग्यांत आणि पुरुषांत लिंग ताठ होणं, हातपाय गार पडणं. यातलं काहीही ओळखायला यंत्र लागत नाही. रुग्णाच्या पायाला हात लावून बसणारा आणि तासातासाला पुन्हा पाहणारा डॉक्टर लागतो. हा लेख मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण पुढच्या उपचाराला लागणारी वेळ त्यानं मिळवून दिली.

या लक्षणांमागचं कारण असं : विषामुळे मज्जातंतू भडकतात, शरीरात अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो आणि दमलेल्या हृदयामागे फुप्फुसांत पाणी साचतं. प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी नेमकं हेच आवळणं सैल करते. डॉ. हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी तिच्या वापराबद्दल 1986 मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिलं. गोळी देताना जपायचंही असतं : रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवंच ठेवायचं आणि रडणाऱ्या पोरालाही झटकन उचलून कडेवर घ्यायचं नाही. आईला हे पटवणं हादेखील उपचारच. पुढे 1992 मध्ये, तोवर सर्रास दिल्या जाणाऱ्या अॅट्रोपिन या औषधाच्या वापरावर त्यांनी आक्षेप नोंदवला.

मृत्युदराबाबत मात्र जपून बोलावं लागतं. आधीचा दर कुठे 30, तर कुठे 40 टक्के दिलेला आढळतो. प्राझोसिननंतरचा 1 टक्क्याच्या आसपास. ही तुलना जुन्या आणि नव्या काळातल्या रुग्णांची आहे, एकाच वेळी चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या दोन गटांची नाही. मधल्या काळात रस्ते सुधारले असतील, लोक लवकर येऊ लागले असतील. तरीही इतकी मोठी घसरण निव्वळ त्यामुळे झाली असेल, असं मला वाटत नाही.

दोन गटांची चाचणी पुढे महाडच्याच त्यांच्या रुग्णालयात झाली आणि 2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. एकूण 70 रुग्ण. 35 जणांना नुसतं प्राझोसिन दिलं, 35 जणांना त्याबरोबर विंचवाच्या विषावरचं प्रतिविष. 10 तासांत पहिल्या गटातले 8 बरे झाले, दुसऱ्यातले 32. बरं व्हायला सरासरी लागलेला वेळ 17.7 तासांवरून 8 तासांवर आला. कोणाला काय दिलंय हे डॉक्टरांना ठाऊक होतं, ही या चाचणीची मर्यादा. पण ज्या रुग्णालयात ही चाचणी झाली ते तालुक्याच्या गावचं होतं, आणि तिथले रुग्ण आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून आलेले होते.