चीनचा शेजारधर्म

चीनच्या परराष्ट्रनीतीचा विचार आपल्या गावच्या थिबा राजवाड्यापासूनही सुरू करता येतो. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला पदच्युत केले आणि पुढच्याच वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवले. त्याच १८८६ च्या जुलैत इंग्रजांनी पेकिंगला चीनशी एक करार केला. ब्रह्मदेशात इंग्रजांनी वाटेल ते करावे, याला चीनने संमती दिली. बदल्यात, दर दहा वर्षांनी ब्रह्मदेशातून चीनकडे नजराणा पाठवण्याची जुनी रीत पाळण्याचे इंग्रजांनी कबूल केले. एकाला मान मिळाला, दुसऱ्याला मुलूख. ज्यांचा देश, त्यांना कोणी विचारले नाही. त्यांचा राजा १९१६ साली इथेच वारला.

१९४९ साली चीनमध्ये नवी राजवट आली. नजराण्याची भाषा जाऊन समानतेची आली. १९५४ च्या एप्रिलमध्ये भारताशी झालेल्या करारात पंचशील लिहिले गेले. जूनमध्ये चाऊ एन-लाय यांनी रंगूनला ऊ नू यांच्यासह त्याचाच उच्चार केला. १ ऑक्टोबर १९६० रोजी या दोघांनी सीमाकरारावर सह्या केल्या. हपिमॉ भागातील तीन गावे चीनला मिळाली, नामवानचा टापू ब्रह्मदेशाला. उत्तरेकडील सीमा बरीचशी मॅकमहोन रेषेवरूनच ठरली. नाव तेवढे घेतले नाही. भारताशी मात्र असा तोडगा निघाला नाही, आणि १९६२ साली युद्ध झाले.

आम्ही कामगार संघटनेतली माणसे. शाळा थोडी शिकलो, पण करारनामे पुष्कळ वाचले. करार मोडला तर दुबळा पक्ष काय करू शकेल, हे आम्ही आधी पाहतो. १९६० सालीच चीन व ब्रह्मदेश यांच्यात अनाक्रमणाचाही करार झाला होता. १९६७ साली रंगूनमध्ये चिनी रहिवाशांविरुद्ध दंगली झाल्या, आणि १९६८ च्या आरंभी चीनच्या पाठबळावर ब्रह्मी कम्युनिस्टांचे सैन्य सीमा ओलांडून आले. माओंच्या मृत्यूनंतर वारे फिरले. १९७८ साली तेंग श्याओ-पिंग रंगूनला आले. क्रांतीची निर्यात हळूहळू आटली, व्यापार वाढला. २०१३ पासून ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरून नळाने चीनला वायू जाऊ लागला.

नजराणा, पंचशील, क्रांती, व्यापार: शब्द तीनदा बदलले. धोरण चीनच्या गरजेप्रमाणे वळत गेले. थोरल्या राष्ट्रांचे बहुधा तसेच असते. पण धाकट्याच्या हाती काहीच नसते, असे नाही. इरावतीवर मित्सोन येथे चिनी कंपनी धरण बांधीत होती. बहुतेक वीज चीनला जायची होती. लोकांनी इतका विरोध केला की २०११ साली तिथल्या सरकारला काम थांबवावे लागले. थिबाच्या वेळी त्या लोकांना कोणी विचारले नव्हते. या वेळी त्यांनी विचारायला भाग पाडले. करारातली आमची ओळ कोणती, हे ज्यांना एकजुटीने विचारता येते, त्यांच्याशीच थोरला शेजारी शेजारधर्माने वागतो.