दाराजवळची चीर

28 एप्रिल 1988, हवाई बेटं.

पहाट. होनोलुलू विमानतळावर अजून उजाडलेलं नाही. अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 भोवती सहवैमानिक दिव्यांच्या उजेडात फेरी मारतो. वावगं काही दिसत नाही. विमान 1969 चं. या बेटावरून त्या बेटावर अशा छोट्या खेपा करत त्याची 89,000 हून जास्त उड्डाणं झाली आहेत. रचनेच्या वेळी हिशेब धरला होता 75,000 चा.

दरवेळी वर गेलं की आतल्या हवेच्या दाबाने धड किंचित फुगतं, उतरलं की बसतं. हातात तार घेऊन वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा, शेवटी तुटतेच. इथे पत्र्यावर पत्रा चढवून चिकटवलेला आणि वरून रिव्हेट मारलेले. खाऱ्या, दमट हवेत चिकटवण सुटली की सगळा ताण रिव्हेटच्या भोकांवर येतो आणि तिथून केसासारख्या भेगा फुटतात. एकटीदुकटी भेग विमान पाडत नाही. भोकाभोकाच्या भेगा एकमेकींना मिळाल्या, तर मात्र सांधाच उसवतो. बोइंगने 1987 मध्ये अशा सांध्यांबद्दल सावध केलं होतं. सरकारी सक्ती मात्र वरच्या दोनच सांध्यांपुरती झाली. डावीकडचा, जरा खालचा सांधा तीतून सुटला. मला हे वाचताना आजही चीड येते.

सकाळभर तीन फेऱ्या. तक्रार नाही.

11:00. सहवैमानिक बदलतो. आता मॅडलिन टॉम्पकिन्स.

1:00 नंतर, हिलो. विमानात चढताना एका बाईंना दाराजवळ पत्र्यात चीर दिसते. त्या कुणाला सांगत नाहीत. विमान उडणार म्हणजे तपासलेलं असणार, असं आपणही धरून चाललो असतो. वैमानिक खाली उतरत नाहीत.

1:25. उड्डाण. प्रवासी आणि कर्मचारी मिळून 95 जण.

1:46 च्या सुमारास. 24,000 फूट. हवाई सेविका क्लॅराबेल लॅन्सिंग पाचव्या रांगेपाशी उभ्या आहेत. सुमारे 18 फुटांचं छत एका झटक्यात उडतं आणि त्या बाहेर फेकल्या जातात. प्रवाशांचे पट्टे अजून बांधलेले आहेत. त्यानेच ते वाचतात. कॅप्टन रॉबर्ट शॉर्नस्टाइमर मागे वळून बघतात, तर छताच्या जागी निळं आकाश.

ते माउईकडे वळतात. डावं इंजिन बंद पडतं. पुढचं चाक नीट बसल्याचा दिवा लागत नाही.

1:58. माउईवरचं काहुलुई. चाकं टेकतात. जखमी 65, जिवंत 94.

लॅन्सिंग सापडल्या नाहीत.