गिधाडं गेली कुठे? एका इंजेक्शनचा इतिहास

आजचा भाग अशा एका पक्ष्यावर आहे, ज्याच्याबद्दल आपल्या बोलण्यात चांगला शब्द क्वचितच येतो. 'गिधाडासारखे टपून बसलेत' असं आपण इस्टेटीवर डोळा ठेवणाऱ्या भाऊबंदांना म्हणतो, सावकाराला म्हणतो, हल्ली बिल्डरलाही म्हणतो. जटायू तेवढा सुटला. इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला त्याच्या नावानं लोक अजून हात जोडतात. पण जटायूच्या भाऊबंदांचं काय झालं?

तुमच्यापैकी ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांनी जरा आठवून बघा. गावात बैल मेला की त्याला गावाबाहेर ठरलेल्या जागी ओढून टाकायचे. थोड्या वेळानं आभाळात ठिपके दिसायचे, मग ते ठिपके घिरट्या घालत खाली यायचे आणि काही तासांत नुसता सांगाडा उरायचा. नगरपालिका नाही, ट्रॅक्टर नाही, कुणाला एक पैसा द्यायला नको. पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड तर इतकं होतं, की जगातल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत संख्येनं हेच पहिलं असावं, असं १९८०च्या दशकात जाणकार म्हणत. असा पक्षी संपेल असं कुणाला वाटणार?

पहिली शंका आली ती राजस्थानात, भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश तिथल्या शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. १९८७-८८ साली त्यांनी पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या मोजल्या होत्या. दहाएक वर्षांनी पुन्हा मोजल्या तर १५०च्या आसपास. झाडांवर माना खाली टाकून बसलेले पक्षी, घरट्यात मेलेले पक्षी, फांद्यांत अडकलेले पक्षी. आणि पुढच्या काही वर्षांत घरटी जवळपास शून्यावर आली. मग देशभर पाहणी झाली, तेव्हा लक्षात आलं की हे फक्त भरतपूरचं दुखणं नाही. २००७च्या मोजणीचा हिशेब असा निघाला, की १९९२च्या तुलनेत या जातीच्या हजारामागे एक पक्षी उरलाय. हजारात एक! माझ्या माहितीत इतक्या झपाट्यानं कोसळलेला दुसरा पक्षी नाही.

कारण शोधताना सगळे आधी चुकीच्या वाटेनं गेले, आणि मला या गोष्टीतला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. सगळ्यांना वाटलं, साथ आली असणार. एखादा विषाणू. कीटकनाशकांवरही संशय होता. मेलेल्या पक्ष्यांची चिरफाड केली की आतल्या अवयवांवर पांढरी खडूसारखी पूड साचलेली दिसायची. ते युरिक ॲसिड होतं. म्हणजे मूत्रपिंडं बंद पडली होती. पण कशानं?

उत्तर मिळालं पाकिस्तानातल्या पंजाबात. लिंडसे ओक्स हे अमेरिकन पशुवैद्य आणि त्यांचे सहकारी तिथे काम करत होते. विषाणू सापडेना, जड धातू सापडेनात, कीटकनाशकं सापडेनात. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला: गिधाडं खातात काय? पाळीव जनावरं. आणि त्या जनावरांना औषधं कुठली देतात? या वाटेनं ते पोचले डायक्लोफिनॅकपाशी. तेच, आपण कंबर धरली की घेतो ते. मूत्रपिंडं निकामी होऊन मेलेल्या प्रत्येक तपासलेल्या गिधाडात ते सापडलं, आणि ज्यांचं मरण वेगळ्या कारणानं आलं होतं त्यांच्यात नाही. २००४ साली हे 'नेचर'मध्ये छापून आलं.

आता यात खलनायक कोण, सांगा. शेतकरी? त्याचा म्हातारा बैल लंगडत होता, गायीला ताप होता. स्वस्तातलं इंजेक्शन होतं, लगेच गुण यायचा. त्यानं ते मायेनं दिलं. कधी जनावर उठलं, कधी नाही उठलं. नाही उठलं तर ते औषध अंगात घेऊनच मेलं आणि गिधाडांच्या पुढ्यात गेलं. संशोधकांचं गणित असं, की शंभरातल्या एका मढ्यातही हे औषध नसलं तरी जात संपायला तेवढं पुरतं. कारण एका मढ्यावर गिधाडांचा अख्खा थवा जेवतो. त्यात मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. मरणाचा वेग वाढला की हा पक्षी भरपाई करूच शकत नाही.

उरलेलं मांस गिधाडांऐवजी कुणी खाल्लं? कुत्र्यांनी. अनंत सुदर्शन आणि इयाल फ्रँक या अर्थतज्ज्ञांनी २०२४ साली अंदाज मांडला, की गिधाडं गेल्यामुळे पाच वर्षांत सुमारे ५ लाख माणसं जास्त दगावली. हा अंदाज आहे, डोकी मोजलेली नाहीत. पण त्यांनी गिधाडं भरपूर असलेले आणि नसलेले जिल्हे शेजारी ठेवून हा हिशेब केलाय. मुंबईत मलबार हिलवरच्या पारशी समाजाच्या दख्म्यांवर तर शतकानुशतकांची रीतच अडली. तिथे सौर ऊर्जेचे परावर्तक बसवावे लागले.

उपाय झाले का? झाले, अडखळत झाले. २००६ साली भारतानं जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक गिधाडांना बाधत नाही, हे प्रयोगांनी दाखवून दिलं. हे झालं नसतं तर बंदी कागदावरच राहिली असती, कारण दुखणाऱ्या बैलाला काहीतरी द्यावंच लागतं. तरी पळवाट निघालीच. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या. २०१५ साली मग माणसांच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलीची, एका वेळेपुरती, असा नियम आला. जनावराला एवढ्याशा बाटलीनं काय होणार! पुढे ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनही घातक निघाली. त्यांच्यावर बंदी यायला २०२३ उजाडलं.

हरियाणातल्या पिंजोरला गिधाडं पिंजऱ्यात वाढवली जातात. जोडीचं पहिलं अंडं काढून कृत्रिम उष्णतेत उबवायचं, म्हणजे मादी दुसरं घालते. तिथूनच जानेवारी २०२४मध्ये काही गिधाडं आपल्या पेंच आणि ताडोबात आणली गेली.

आणि रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातलं चिरगाव. इथं प्रश्न आणखी वेगळा आहे. कोकणात गुरं कमी झाली, मेलेलं जनावर लोक पुरून टाकू लागले, म्हणजे औषध बंद केलं तरी पोटाला काय? म्हणून गावकरी आणि निसर्गप्रेमी मेलेली जनावरं मुद्दाम गिधाडांसाठी आणून टाकतात. घरटी असलेल्या झाडांना हात लावत नाहीत. कुजकट वास येतो, माश्या होतात, पाहुणे नाकाला रुमाल लावतात. तरी पुढचं जनावर मेलं, की पुन्हा टाकायला जातात.