हाइन्स, एच. बी. नोएल

(२० डिसेंबर १९१७ – २ मार्च २००९). इंग्लंडमध्ये जन्मलेले कॅनडियन प्राणिशास्त्रज्ञ व वाहत्या पाण्याच्या परिस्थितिविज्ञानाचे एक प्रमुख प्रवर्तक. ओढा किंवा नदी स्वयंपूर्ण नसते, तिच्यातील जीवसृष्टी भोवतालच्या जमिनीवर अवलंबून असते, हा विचार त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी निरीक्षणे आणि प्रयोग यांच्या आधारे दृढ केला.

हाइन्स यांचे प्रारंभीचे संशोधन ब्रिटनमधील प्लेकॉप्टेरा गणातील कीटकांविषयी होते. या कीटकांच्या अर्भकावस्था ओढ्यातील दगडांखाली वाढतात. त्यांचे वर्गीकरण व परिस्थितिविज्ञान यांवरील हाइन्स यांचा निबंध १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी पूर्व आफ्रिकेत टोळ नियंत्रणाचे काम केले. महायुद्धानंतर ते लिव्हरपूल विद्यापीठात अध्यापक होते. १९६० मध्ये त्यांनी प्रदूषित जलाच्या जीवविज्ञानावर ग्रंथ लिहिला. पाण्याचे रासायनिक परीक्षण नमुना घेतल्या क्षणाची स्थिती सांगते. तळावरील प्राण्यांवरून मात्र आधीच्या काळात पाण्यात काय मिसळले याचाही अंदाज येतो. त्यामुळे प्रदूषणाच्या परीक्षणात जीवांच्या पाहणीला महत्त्व आहे.

त्या काळी गोड्या पाण्याचा अभ्यास मुख्यत्वे सरोवरांभोवती केंद्रित होता. सरोवरात अन्नसाखळीचा पाया बव्हंशी पाण्यातच वाढणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा असतो. याउलट दाट झाडीखालून वाहणाऱ्या ओढ्यात हिरव्या वनस्पती थोड्या असूनही प्राणी विपुल आढळतात. काठावरून पाण्यात पडणारा पालापाचोळा हे त्यांच्या अन्नाचे मोठे साधन होय, असे प्रतिपादन हाइन्स यांनी १९६३ च्या आंतरराष्ट्रीय प्राणिशास्त्र परिषदेत केले.

१९६४ मध्ये ते कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली प्रवाह-संशोधकांची एक पिढी तयार झाली व वरील प्रतिपादनाला प्रायोगिक आधार मिळाला. एन. के. कौशिक यांनी त्यांच्यासमवेत केलेल्या प्रयोगांत (१९६८, १९७१) असे आढळले की, पाण्यात पडलेल्या पानांवर मुख्यतः कवके वाढतात व त्यामुळे पानांतील प्रथिनांचे प्रमाण वाढते. अशी कुजू लागलेली पाने प्राणी अधिक पसंत करतात. एल्मची पाने लवकर कुजतात, तर ओक व बीच यांची सावकाश. म्हणजे काठावर कोणते वृक्ष आहेत यावर ओढ्यातील अन्नपुरवठा अवलंबून असतो. ऑंटॅरिओतील स्पीड नदीच्या तळाची पाहणी एम. जे. कोलमन (१९७०) व डी. डी. विल्यम्स (१९७४) यांनी हाइन्स यांच्यासमवेत केली. प्राण्यांचा मोठा भाग तळाच्या पृष्ठावर नसून खालच्या वाळू-खडीत राहतो, असे तीत दिसून आले. त्यामुळे केवळ पृष्ठावरून घेतलेल्या नमुन्यांनी प्राण्यांची संख्या कमी भरते, हे स्पष्ट झाले.

हाइन्स यांचा वाहत्या पाण्याच्या परिस्थितिविज्ञानावरील बृहद्‌ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. विखुरलेले संशोधन त्यात एकत्र आल्याने या विषयाला स्वतंत्र शाखेचे स्वरूप येण्यास मोठे साहाय्य झाले. प्रवाह व त्याचे खोरे यांवरील त्यांचे व्याख्यान १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. खोऱ्यातील खडक, माती, वनस्पती व भूजल यांवर प्रवाहाचे स्वरूप ठरते, हे त्यातील मुख्य सूत्र होय. उगमापासून मुखापर्यंत नदीतील जीवसमूह क्रमाने कसे बदलतात, हे सांगणाऱ्या १९८० च्या नदी-सातत्य संकल्पनेतही काठावरील पालापाचोळ्याला महत्त्वाचे स्थान आहे. नदीच्या रक्षणासाठी केवळ पात्र स्वच्छ ठेवणे पुरेसे नाही. काठावरील वृक्ष व खोऱ्यातील जमीन यांचेही रक्षण आवश्यक आहे, हा या संशोधनाचा व्यावहारिक निष्कर्ष होय.